अस्वलाच्या दारातली खीर

मला गोंडस गोष्टींचा वीट येतो. शेजारच्या सुभद्राबाईंना माझ्याहून जास्त. तरीही यंदाचा उन्हाळा आम्ही दोघींनी त्यांच्या पुढच्या खोलीत, कूलरसमोर बसून, लॅपटॉपवरचे गोंडस खेळ खेळण्यात घालवला. ससे, बेडूक, अस्वलं, आणि मागे सतत टिंगटिंग वाजणारं संगीत.

सुभद्राबाईंनी अकोल्यात कॉलेजच्या पोरांची खानावळ चालवली, गुडघे चालत होते तोवर. पातूरपासून परतवाड्यापर्यंतची पोरं त्यांच्या हातचं जेवून शिकली. पोरगं "नको काकू" म्हणालं तरी ताटात भाकर पडायची. पुन्हा नको म्हणालं तर वरून वरण. दोन्ही हात ताटावर आडवे धरून ते खाली वाकलं, तरच याचं पोट भरलं असं त्या मानायच्या. आणि स्वतः कुणाकडे गेल्या की दोनदा नको म्हणून तिसऱ्यांदा अर्धा कप चहा घ्यायच्या. आमच्याकडे पहिल्याच विचारण्याला हो म्हणणारा हावरट ठरतो. एकदाच विचारून गप्प बसणारा तर त्याहून वाईट, त्याला द्यायचंच नव्हतं असं लोक समजतात.

हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण पुढचं सगळं यावरच अडलं.

त्यांचे यजमान खुशालराव गेले, मग गुडघेही गेले आणि खानावळ बंद झाली. मुलगा रोहित पुण्यात, सून प्रणालीही तिथेच नोकरीला. गेल्या दिवाळीला दोघं आले होते. निघताना बुटाची नाडी बांधता बांधता रोहित म्हणाला, "आई, तू आमच्याकडंच राहायले चाल ना."

"नको बाप्पा, माहं इथं बरं हाय," सुभद्राबाई म्हणाल्या.

"बरं," म्हणून त्यानं बॅग उचलली. सुभद्राबाई फाटकापर्यंत गेल्या, तिथे तो पुन्हा विचारेल म्हणून. मग ऑटोपर्यंत गेल्या. ऑटो गेला. त्या तशाच रस्त्यावर उभ्या, आणि मी माझ्या ओट्यावरून ते बघत होते. मला त्या पोराची शिसारी आली, हे खरं सांगते.

तेव्हापासून त्या दुसऱ्या विचारण्याची वाट बघत होत्या. खानावळीची मोठी गंज-पातेली त्यांनी देऊन टाकली, गॅसची एक शेगडी पुतणीला दिली, चांगली लुगडी वेगळी काढून ठेवली. सुभद्राबाई पुण्याला जाणार हे आमच्या सगळ्या गल्लीला ठाऊक होतं, पुण्यालाच तेवढं नव्हतं. मी रोहितला फोन करते म्हटलं तर त्यांनी मला खुशालरावांची शपथ घातली. म्हणाल्या, "तोंडानं मागून लेकाच्या घरी जाऊ काय मी?"

मार्चात रोहितचा फोन आला. त्याची छोटी कंपनी असलेच खेळ बनवते, दमलेल्या लोकांचं मन शांत करणारे. नवा खेळ बाजारात जायचा होता, आणि वयस्क माणसांना तो जमतो का हे त्याला बघायचं होतं. आधी दुसऱ्यांच्या खेळांचे डेमो खेळून बघ, मग आमचा खेळ, असं त्यानं आईला सांगितलं. डेमो म्हणजे नमुना, दुकानदार तळहातावर चिमूटभर चिवडा ठेवतो तसा, फुकट. घरात त्याचा जुना लॅपटॉप पडूनच होता. माझी सगळी नोकरी शाळेच्या ऑफिसात झाल्यामुळे माउस धरायचं काम माझ्याकडे आलं.

सुभद्राबाई खुलल्या. "पोरगा निमित्त काढून राहिला वच्छला," त्या मला म्हणाल्या. "याच्यातूनच तो इचारन आता."

पहिला डेमो बेडकाच्या बेकरीचा. हिरवा, ओला बेडूक कणीक मळत होता आणि गिऱ्हाईक मांजरी टाळ्या वाजवत होत्या. सुभद्राबाईंनी पदर नाकाला लावला. जन्मभर पोळ्या लाटलेल्या बाईला ते बघवेना. बेडूक हात न धुता डोकं खाजवून पुन्हा मळायला लागला तेव्हा त्या उठून मोरीत जाऊन आल्या. दुसऱ्यात डोळे असलेल्या अळंब्या उपटून त्यांचं सूप करायचं होतं, आणि त्या शिजतानाही हसत होत्या. तिसऱ्यात गरम पाण्याच्या कुंडात डुकरं बसली होती आणि त्याच पाण्यात कप ठेवून चहा पीत होती. खाली लिहिलं होतं, मनावरचा ताण जाऊ द्या. माझा तर वाढला. सगळ्यांचे गाल गुलाबी, सगळे सारखे हसतात, कुणाचं कुणाशी वाकडं नाही. इतकं गोड की दात आंबावेत.

शेवटी रोहितचा खेळ लावला. हा मराठीत होता, म्हणून सुभद्राबाईंनी चष्मा पुसून लावला. डोंगरातलं एक गाव, आपण नव्यानं आलेला ससा, आणि घरोघर जाऊन ओळखी करून घ्यायच्या. पहिल्या दारात अस्वलीण आजी उभी. झालर लावलेलं पोलकं घातलेली. म्हणाली, ये बाळा, खीर खातोस? खाली दोन बटणं, हो आणि नको.

"नको दाब," सुभद्राबाई म्हणाल्या. मीही काही विचार न करता दाबलं. पहिल्याच फटक्यात हो कोण म्हणतं?

आजी गोड हसली, बरं म्हणाली, आणि दार लागलं.

आम्ही वाट बघितली. दार काही उघडेना. पुढच्या घरी कोल्हा होता, त्यानं पोहे विचारले. नको. दार बंद. मग साळिंदर, मग म्हातारं कासव. आम्ही गावभर फिरलो आणि उपाशी परत आलो. शेवटी पडद्यावर फुलं उधळली आणि अक्षरं आली, सारं गाव तुमच्यावर प्रेम करतं.

"थू," सुभद्राबाई म्हणाल्या. एवढंच.

संध्याकाळी रोहितचा फोन आला. कसा वाटला, त्यानं विचारलं. त्यांनी त्याला बेडकापासून सुरुवात करून सगळं ऐकवलं आणि अस्वलिणीपाशी येऊन थांबल्या.

"तुह्या त्या अस्वलाले काही रीत नाही," त्या म्हणाल्या. "एकदा इचारलं अन् दार लावलं. पावन्याले असं इचारतेत काय?"

"आई, पण तू नको म्हणाली ना?"

"एकदाच म्हणाली."

पलीकडे रोहित हसला. नको म्हटल्यावर पुन्हा विचारलं तर लोकांना आपण मागे लागलो असं वाटतं, म्हणून कंपनीनं मुद्दाम तसं ठेवलं होतं, असं त्यानं समजावलं. मग थांबून म्हणाला, हे मात्र भारी आहे आई, हे आमच्या कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. त्याला कळलं, असं मला वाटलं. सुभद्राबाईंनाही वाटलं. दुसऱ्या दिवशी त्या लुगड्यांना इस्त्री करून घेऊन आल्या.

काही आठवड्यांनी बदललेला डेमो आला. अस्वलिणीनं विचारलं, खीर खातोस? नको. आजी दारातून हलली नाही. थोडी तरी घे, म्हणाली. नको. मग तिनं सशाचा हात धरला. असं कसं, माझ्या दारातून कुणी उपाशी जात नाही, चल आत. सुभद्राबाईंनी माझ्या हातातून माउस घेतला आणि स्वतः हो दाबलं. त्यांचे डोळे भरले होते.

तेवढ्यात फोन वाजला. त्यांनी स्पीकर लावला. रोहित खुशीत होता. ऑफिसात सगळ्यांना ते फार आवडलं होतं. आता गावातलं प्रत्येक जनावर तीनदा विचारतं, म्हणाला.

"लय चांगलं केलं," सुभद्राबाई म्हणाल्या, आणि थांबल्या. आता विचारेल, असं मलाही वाटलं.

"तुले काही पाहिजे का आई? पाठवू का काही?"

"नको."

"बरं. ठेवतो मग, मीटिंग हाय."

फोन बंद झाला. खेळातलं संगीत टिंगटिंग चालूच होतं, अस्वलीण सशाला वाटी भरून देत होती. मला इतका संताप आला की तो लॅपटॉप उचलून मोरीत टाकावा. सुभद्राबाईंनी तो शांतपणे मिटला.

"अस्वल शिकलं वच्छला," त्या म्हणाल्या.

मी चहा टाकू का विचारलं. त्या नको म्हणाल्या. मी पुन्हा विचारलं, मग पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा नको आलं नाही, तेव्हा मी आत जाऊन दोघींचा टाकला.