खटकेबुवांचा अंगठा

"आधी चाकू काढ. बाकीचं मग बोल."

"अहो दाजी, दिलेली वस्तू परत मागायला भरदुपारी पळत आलात? ताईला सांगू का?" मेहुण्याने फोममध्ये खुपसलेला घडीचा चाकू काही सोडला नाही. सोफे दुरुस्त करता करता जीभ चालवणं त्याला छान जमायचं.

दाजींचा जीव थाऱ्यावर नव्हता. उभी हयात त्यांनी चाकूच्या कारखान्यात काढली होती. ढिगातला चाकू उचलायचा, उघडायचा, पातं धरून ठेवणारा खटका बसल्याचा आवाज ऐकायचा आणि उजव्या अंगठ्याने पातं आडवं रेटायचं. हललं तर खटका ढिला म्हणून भंगारात, नाही तर पेटीत. म्हणून तिथे सगळे त्यांना खटकेबुवा म्हणत. "माझ्या अंगठ्यापुढे मशीन झक मारतं," ही त्यांची नेहमीची फुशारकी.

आज कारखान्यात दुपारच्या चहाचा पेला उचलला, तर बोटं भाजली आणि अंगठा मात्र ढिम्म! एवढा जाड घट्टा कधी चढला, कळलंच नव्हतं. सहज म्हणून त्यांनी स्वतःच पास केलेला एक चाकू डाव्या अंगठ्याने रेटून पाहिला. पातं डुगडुगलं. दुसरा ठीक निघाला, तिसरा पुन्हा डुगडुगला. पहिली आठवण झाली ती मेहुण्याला निवडून दिलेल्या चाकूची.

त्यांनी तो हिसकावून घेतला आणि पात्याची पाठ फळीवर दाबली. खटका सुटला. पातं फटकन मिटलं, बोटं थोडक्यात वाचली.

"आयला!" मेहुणा मागे सरला. मग उसनं हसला. "जाऊ द्या हो. असल्या स्वस्तातल्या चाकूकडून आणखी काय अपेक्षा करणार?"

"चाकू स्वस्त म्हणून बोटं स्वस्त झाली काय रे? धार गेली तर घासून घे, मूठ फुटली तर दोरी गुंडाळ. पण खटका सुटतो तो चाकू फुकटसुद्धा महाग!"

ते तरातरा कारखान्यात परतले. दारात टेम्पो भरत होता.

"पेट्या उतरवा," ते मालकिणीला म्हणाले.

"का? कुणी पास केल्यात?"

"मीच. अंगठा मेलाय माझा. कळत नाही त्याला काही."

"बुवा, मग तुमच्या जागी दुसरा माणूस बघावा लागेल मला."

"बघा ना. तो येईपर्यंत डाव्या अंगठ्याने मीच पुन्हा तपासतो. उतरवा."

ती कुणावर तरी ओरडली. धाडधाड पेट्या उतरू लागल्या. खटकेबुवांनी पहिली स्वतःच ओढत टेबलाशी आणली आणि पालथी केली. डाव्या हाताला चाकू धड उघडताही येईना. नख घसरलं, पुन्हा घसरलं. शेवटी पातं बाहेर आलं. त्यांनी ते रेटलं, चाकू भंगारात फेकला आणि दुसरा उचलला.