आधी सांगा, ठेवणार कुठे?

जुन्या वस्तू जमवणाऱ्यांना लोक नेहमी विचारतात, हे सगळं मिळतं कुठे? मिळण्याचं काही नाही हो. खेड्यात जा, चहा प्या, घाई करू नका, मिळतं. खरी लढाई पुढे आपल्याच दारात असते. वस्तू उंबऱ्याच्या आत येणार की नाही, आणि आली तर टिकणार की नाही, हे घरातलं एक माणूस ठरवतं. ते माणूस आपण कधीच नसतो! आमच्या तिघांच्या घरांत वस्तूंपेक्षा त्यांचे किस्सेच जास्त झालेत. वस्तूंना निदान कपाट तरी आहे. किस्से सांगूनच टाकावे लागतात.

तिघं म्हणजे मी, मेश्राम सर आणि गुप्ताजी. माझं गोंदियात भांड्यांचं दुकान. मेश्राम सर शाळेत चित्रकला शिकवायचे, आता रिटायर आहेत. गुप्ताजींची राइस मिल आहे आणि ती आता मुलगा चालवतो, असं गुप्ताजी म्हणतात. मुलगा वेगळं सांगतो.

* * *

माझा नाद दुकानातच सुरू झाला. लोक जुनं पितळ मोडीत देतात आणि नवा कुकर घेऊन जातात. एकदा कामठ्याच्या एका बाईने पिशवीतून लामणदिवा काढला. साखळीवर मोर, मोराच्या पाठीवर एक बाई, आणि सगळ्यावर पिढ्यान्‌पिढ्यांच्या तेलाचा काळा थर. आमच्या नादात या काळ्या थरालाच किंमत असते. मी बाईला कुकर दिला, दिवा घरी आणून हॉलमध्ये टांगला आणि याला कुणी हात लावायचा नाही असं सगळ्यांना बजावून दुकानात परत गेले.

संध्याकाळी येऊन बघते तर दिवा लखलखतोय. खाली सासूबाई बसलेल्या, बाजूला चिंच आणि राख. मोराच्या पंखांत कुठे काळं उरलंय का, ते मी बघायला लागले.

"काऊन, चांगला नाई निघाला?" सासूबाई म्हणाल्या. "भांड्याचं दुकान हाय आपलं. येणारा म्हणन, या घरी घासाले कोणी नाई का."

दुसऱ्या दिवशी मेश्राम सर बघायला आले. दिवा बघितला आणि पाणी मागितलं. अजूनही कुणी पाहुणे आले की दिव्याकडे बघून विचारतात, नवा माल आला का दुकानात?

* * *

मेश्राम सरांची नजर पक्की. बाजारात एक माणूस लाकडी मुखवटा विकत होता. दंडारीत नाचताना घालायचा, आजोबांच्याही आजोबांच्या काळचा, असं त्याचं म्हणणं. सरांनी मुखवटा नाकाजवळ नेला आणि शांतपणे सांगितलं, की वार्निश याच आठवड्यातलं आहे.

विकणारा जरासुद्धा हलला नाही. "मंग काय झालं सर? घरी नेऊन ठेवा ना. होऊन जाते जुना."

सरांनी मुखवटा विकत घेतला! असं उत्तर देणाऱ्याला रिकाम्या हाताने परत पाठवणं बरं नाही, म्हणाले. तो त्यांनी अंगणात उन्हापावसात टांगून ठेवलाय. आम्ही अधूनमधून चौकशी करतो. सर गंभीरपणे सांगतात, अजून व्हायचा आहे.

* * *

गुप्ताजींकडे नक्षीची एक मोठी लाकडी पेटी आहे. झाकणावर हत्ती कोरलेले, कोपऱ्यांना पितळी पट्ट्या. नागपूरचे त्यांचे व्याही आले तेव्हा गुप्ताजी त्यांना पेटी दाखवत होते. ही कुणाच्या लग्नातली असेल, हिच्यात कुठल्या जरीच्या साड्या ठेवल्या असतील, अशी गोष्ट छान रंगात आली होती. तेवढ्यात भाभीजी आतून आल्या, माफ करना म्हणाल्या, झाकण उघडलं आणि चार कांदे काढून घेऊन गेल्या.

रात्री गुप्ताजींनी तक्रार केली म्हणे. भाभीजींचं उत्तर त्यांनी स्वतःच आम्हाला ऐकवलं. "इतना बड़ा डिब्बा खाली रखूँ क्या?"

* * *

आमचे खरे प्रतिस्पर्धी धाबेवाले. हायवेवरच्या प्रत्येक धाब्याला आता गावाकडचा लुक हवा असतो, त्यामुळे आम्ही पोचायच्या आत बैलगाडीची चाकं, पालखीचे दांडे, सगळं उचललेलं असतं. सडक अर्जुनीकडच्या एका गावात गुप्ताजींनी कोरीव दार बघून ठेवलं होतं. दारावर पोपट, वेली, मधोमध कमळ. घरमालकाशी बोलणं झालं, चहा झाला, दार न्यायला टेम्पो ठरला. टेम्पो घेऊन गेलो तर नुसती चौकट उभी. दार आदल्याच दिवशी कोहमाऱ्याच्या एका धाब्यावर गेलेलं.

मग आम्हीही तिथून सरळ कोहमाऱ्याला गेलो. धाबा सापडला. सगळ्या भिंती बघितल्या, दार कुठेच नाही. जेवण झाल्यावर गुप्ताजी हात धुवायला मागच्या बाजूला गेले ते परत येईनात. मी बघायला गेले तर गुप्ताजी एका दारावरच्या पोपटावरून बोट फिरवत उभे होते आणि वेटर त्यांना समजावत होता, "अंकल, अंदर कोई नहीं है, धक्का मारो, खुल जाएगा."

दार त्यांनी संडासाला लावलं होतं! आता नागपूरला जाताना गुप्ताजी त्या धाब्यावर हमखास थांबतात. गरज असो वा नसो.

* * *

दवनीवाड्याला एका म्हाताऱ्यांकडे तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, पोरं दारोदार फिरवतात तसला लाकडी बैल होता. सागवानी, चाकांचा, शिंगांना पितळी टोपणं, आणि चेहरा असा की आत्ता मान हलवेल. पोरांनी प्लास्टिकचे बैल आणले म्हणून हा माळ्यावर पडून होता. म्हातारे द्यायला तयार झाले, पण एका अटीवर. सणाच्या दिवशी आमचा बैल उपाशी राहता कामा नये. मी शब्द दिला. पूजा करू, पुरणपोळीचा नैवेद्य दाखवू, त्यात काय मोठंसं!

तान्ह्या पोळ्याच्या सकाळी घरासमोर ऑटो थांबला. आतून म्हातारे, दोन सुना आणि नातवंडांची फौज उतरली. त्यांनी बैल खाली घेतला, झूल घातली, गळ्यात माळ बांधली आणि पोरांनी तो आमच्या सगळ्या कॉलनीत फिरवला. माझ्याच शेजाऱ्यांकडून बोजारा म्हणून खाऊ आणि चिल्लर गोळा केली, बैल जागेवर आणून ठेवला आणि सगळे जेवायला बसले.

तेव्हापासून दर वर्षी येतात. गुप्ताजी मला विचारतात, "दीदी, बैल आपने लिया कि बैल ने आपको?" सासूबाई मात्र त्या दिवशी सकाळपासून रस्त्याकडे डोळे लावून बसतात. यंदा निघताना म्हातारे मला बाजूला घेऊन म्हणाले, "पुढच्या साली पोरगी बी येऊन राहिली सासरहून. स्वयंपाक जरा जास्त करजा."

* * *

आमच्या तिघांत सगळ्यात देखणी वस्तू मेश्राम सरांकडची. पितळी घोडेस्वार, वीतभर उंचीचा. तो आला माझ्याच दुकानात मोडीत, पण त्या दिवशी मी गावाला गेले होते आणि गल्ल्यावर सर बसले होते, त्यामुळे तो त्यांचा झाला. याचं दुःख मला आहे आणि राहील. घोड्याचे कान टवकारलेले, आयाळ जाड दोऱ्यासारखी, आणि स्वाराच्या हातात तलवार; कुणाच्या तरी देव्हाऱ्यातला देवच तो.

सरांची माय त्यांच्याजवळच राहते. घर बौद्ध, हॉलमध्ये बुद्ध आणि बाबासाहेब, सकाळी मायची वंदना चुकत नाही. डोळ्यांत मोतीबिंदू असल्याने कपाटातला घोडेस्वार तिला फुलदाणी वाटायचा. सरांनीही कधी दुरुस्ती केली नाही. त्यामुळे मायचं ऑपरेशन ठरलं तेव्हा घरात सगळे खूश होते, सर सोडून. मायला नीट दिसलं की घोडेस्वार घरातून जाणार, हे त्यांना ठाऊक होतं. गुप्ताजींनी लगेच मोठ्या मनाने तो आपल्याकडे ठेवायची तयारी दाखवली. सर म्हणाले, लपवणार नाही. मी पूजा करत नाही, मी कारागिरी ठेवली आहे. मायला समजावून सांगेन.

डोळे बरे झाल्यावर मी आणि गुप्ताजी फळं घेऊन मायला भेटायला गेलो. खरं तर घोडेस्वाराचं काय होतं ते बघायला गेलो. मायने आधी मला निरखलं आणि माझे केस पिकल्याचं सांगितलं. मग गुप्ताजींच्या पोटाकडे बघितलं. मग कपाटाकडे.

तिने तो बाहेर काढायला लावला. मांडीवर घेतला.

"असाच होता आमच्या घरी," ती म्हणाली. "दीक्षा घेतली त्या साली बापानं सारे देव टोपल्यात भरले अन् वैनगंगेत सोडून आला. मी संगं होती. आमी सोडून आलो अन् तू विकत आणून राहिला?"

सरांनी समजावायला घेतलं. मेणाचा साचा कसा करतात, त्यावर माती कशी लिंपतात, मेण वितळून गेलं की पोकळीत पितळ कसं ओततात, असा घोडा आता कुणी का करत नाही. शाळेत इतकं चांगलं शिकवलं नसेल कधी. मायने सगळं ऐकून घेतलं. घोड्याच्या कानांवरून, आयाळीवरून बोट फिरवलं.

"घोडा राहू दे," ती म्हणाली. "वरचा उतरव."

सर म्हणाले, माय, हे सगळं एकत्र ओतलेलं आहे, तो निघत नाही.

मायने स्वाराला कमरेला धरून अर्धा फिरवला आणि वर ओढला. तो अलगद निघाला. खाली एक लहानशी खुंटी होती. सरांनी या घोडेस्वाराची सगळ्या बाजूंनी चित्रं काढली होती आणि माझा जन्म पितळात गेला, पण तो निघतो हे आम्हा दोघांनाही कधी कळलं नव्हतं.

"बाप वावरात गेला का मी रोज काढत होती," माय म्हणाली. "घोड्यासंगं खेळाले."

स्वार तिने गुप्ताजींच्या हातात दिला. त्याला नमस्कार करावा की रुमालात गुंडाळावा, हे गुप्ताजींना कळेना. मायने पदराने घोड्याची पाठ पुसली.

"नदीवर बापाले हेच म्हटली होती मी. घोडा राहू दे. आयकला नाई त्यानं."

सरांनी कपाटाचं दार उघडून धरलं होतं. माय तिकडे गेलीच नाही. ती घोडा घेऊन उठली आणि आपल्या खोलीत गेली.