उम्म सालिमच्या अंगणातलं लिंबू

युरिया मीच घातला होता. फळांनी लगडलेल्या कागदी लिंबाच्या बुंध्याशी, चांगला डबाभर, आणि तोही ओमानच्या भर उन्हाळ्यात. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही, आणि तिच्यापुढे तर मी न केलेल्या चुकासुद्धा कबूल करत आलोय.

नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. ओमानमधल्या इब्र्यात सालिम नावाच्या अर्बाबच्या, म्हणजे मालकाच्या, हार्डवेअर दुकानात मी काउंटर सांभाळायचो. दुकानामागेच त्याचं घर आणि अंगणाच्या कडेला माझी खोली. तिथे मला सगळे ‘डॉक्टर’ म्हणत. का? तर गावी मी शेतकीच्या कॉलेजात एक वर्ष काढलं होतं. त्या वर्षाचा निकाल काय लागला, हे मी ओमानमध्ये कुणाला विचारू दिलं नाही.

आपल्या माणसांना परदेशात तेवढंही पुरतं. कुणी रंगाच्या रिकाम्या डब्यात कढीपत्ता लावलेला, कुणी वादीतली, म्हणजे कोरड्या नदीपात्रातली रेती आणि शेळीच्या लेंड्या कालवून मोगरा जगवलेला. शुक्रवारी लोक खिशात पान घेऊन यायचे. मी ते उजेडात धरायचो, हूं म्हणायचो. खालची जुनी पानं पिवळी, म्हणजे नत्र कमी. कडा करपल्या, म्हणजे पाण्यातला खार. या दोन वाक्यांवर मी बरेच दिवस प्रतिष्ठित होतो.

तिसरं वाक्य मला येत नव्हतं. कोवळं पान पिवळं आणि शिरा तेवढ्या हिरव्या, तर झाडाला लोह लागत नाहीये. तिथल्या चुनखडीच्या मातीत लोह असलं तरी मुळांच्या हाती येत नाही. हे मला फार उशिरा कळलं. उम्म सालिम, म्हणजे अर्बाबची आई, तिच्या अंगणातल्या लिंबाची नेमकी हीच तक्रार होती. शेंड्याची पानं फिकी, बाकी झाड मजेत. पण अर्बाब म्हणाला, “डॉक्टर, बघ जरा.” डॉक्टरनं पाहिलं. पिवळं दिसलं की खत — आमचं शास्त्र एवढंच.

आठवडाभरात पानांच्या कडा तांबूस झाल्या. मग पानं कुरकुरीत होऊन गळायला लागली.

तेव्हाच बोलता आलं असतं, नाही का? ‘अर्बाब, माझा हात सैल सुटला, भरपूर पाणी सोडा’ — एवढंच. कदाचित झाड सावरलंही असतं. पण त्याच दिवसांत मी फॅमिली व्हिसासाठी त्याच्या मागे लागलो होतो. म्हणजे भीती होती... खरं सांगू? भीती निम्मीच. उरलेलं निम्मं असं, की मला डॉक्टर म्हणवून घ्यायला आवडत होतं.

किनाऱ्याकडच्या बागांमध्ये तेव्हा लिंबावर एक रोग फिरत होता. फांद्यांच्या टोकांना बारीक, फिकट पानांचे केरसुणीसारखे झुबके यायचे आणि झाड मरायचं. उपाय एकच, कापायचं आणि जाळायचं. आमच्या झाडावर झुबका औषधालाही नव्हता. मी एक फांदी मोडली, उजेडात धरली, हूं म्हणालो.

“अर्बाब, तोच रोग. सुरुवात आहे.”

“खलास?”

“खलास.”

झाड कापलं आमच्या ड्रायव्हरनं, रत्नागिरीकडच्या दाऊदनं. करवत थांबवून म्हणाला, “डॉक्टर, पेशंट तर ठणठणीत दिसतोय!” रोग आत असतो, असं काहीतरी मी बोललो. नवऱ्यानं लावलेलं ते झाड जळेपर्यंत उम्म सालिम दारात उभी होती. दरवर्षी ती त्याची लिंबं गच्चीवर काळी होईतो वाळवायची आणि साऱ्या गल्लीला वाटायची.

पण हे इतकंच असतं तर मी लिहायला बसलो नसतो. चुकीचं खत, भित्रं खोटं — असल्या गोष्टी माणूस पचवतो.

थंडीच्या तोंडाला खुंटाला पालवी फुटली.

रोगट झाडाला फुटते तसली खुरटी नव्हे. रुंद, हिरवी, चकचकीत पानं. झाड जिवंत होतं, बरं होतं — आणि अंगणात उभं राहून माझं निदान खोटं पाडत होतं. मग मी काय केलं असेल? भर दुपारी, घर झोपलेलं असताना, मी जाऊन कोंब मोडले. अंगठ्यानं, अगदी बुडातून. ते पुन्हा फुटले. मी पुन्हा मोडले. हातांना वास यायचा, साबणानं खसाखसा धुवायचो. झाड माझ्याहून चिवट होतं. मी त्याच्याहून नियमित होतो. शेवटी खुंट फुटायचा थांबला.

एकदा उम्म सालिमनं मला खुंटापाशी उकिडवं बसलेलं पाहिलं. माझ्या डाव्या मुठीत कोंब होते. ती आत गेली आणि खजूर नि कहवा घेऊन आली. तिला वाटलं असेल, हा झाडासाठी हळहळतोय. मूठ न उघडता, एका हातानं मी ते सगळं खाल्लं, प्यायलो. आभारही मानले.

पुढे ती वाळलेली लिंबं सूकमधून, म्हणजे बाजारातून, विकत आणायला लागली, मोजकी, घरापुरती. मला व्हिसा मिळाला, बायको आली, मुलं झाली. डॉक्टर म्हणणं कुणी थांबवलं नाही, मीही थांबवलं नाही.

दोन हजार सालानंतर केव्हातरी इब्रा सोडलं. निघताना निरोप घ्यायला गेलो, तर म्हातारी माझ्याकडे बघत दाऊदशी भरभर अरबीत काहीतरी बोलली, माझ्या दुकानापुरत्या अरबीला ते झेपलं नाही. दाऊद खाली बघायला लागला.

“काय म्हणाल्या?”

“जाऊ दे रे.”

“सांग ना.”

“म्हणाली, हा डॉक्टर यायच्या आधी माझं झाड चांगलं होतं.”