सिग्नल आप्पांची पडताळणी

सिग्नल आप्पांनी कुठल्या प्रश्नाचं पूर्ण उत्तर दिलेलं मला आठवत नाही. फौजेत एकवीस वर्षं त्यांनी गुप्त संदेश पोहोचवण्याचं काम केलं. आमच्या राहू गावच्या चावडीवर कुणी विचारलं, "आप्पा, शेवटाला कुठं व्हता?" तर म्हणायचे, "हितंच की, देशात." कोणत्या डोंगरावर किती हिवाळे काढले, हे त्यांच्या बायकोलाही कधी कळलं नाही.

निवृत्तीनंतर त्यांना एका लष्करी डेपोत संदेशखोलीतली नोकरी मिळत होती. पण फौजेतली परवानगी फौजेबरोबरच संपली होती. गुप्त कागद हाताळायचे, तर चौकशी नव्याने होणार होती. दहा-बारा पानांचा अर्ज आला. मी गावचा शाळामास्तर, गावातले निम्मे अर्ज माझ्या हातचे. हा मात्र आप्पांनी मला दाखवलाही नाही.

"वळखीचा मानूस म्हनून तुमचं नाव घातलंय, गुरुजी," ते म्हणाले. "बाकी कागद गोपनीय हाय."

मला घोर होता तो त्यांच्या धाकट्या भावाचा, नामदेवचा. तो शिक्रापूरला ट्रकवर होता. चोरट्या बंदुकांच्या प्रकरणात त्याचं नाव आलं आणि तो पळाला. बारा वर्षं पत्ता नव्हता. आप्पांच्या घरात त्याचं नाव कुणी काढत नसे.

दोन महिन्यांनी साध्या कपड्यातला एक माणूस शाळेत आला. दाराबाहेर चपला काढल्या, पाणी प्यायला, मऊ आवाजात इकडचं तिकडचं विचारत राहिला. मग म्हणाला, "आप्पांना भाऊ किती?"

जो माणूस आपल्या बदलीचं गाव सांगत नाही, तो असला भाऊ कागदावर कशाला लिहील? मी म्हणालो, "एकटेच ते."

त्याने पुन्हा विचारलं, "नक्की?"

"नक्की."

तेव्हा कुठे त्याने वही उघडली.

त्यानंतर गावात एक जीप येऊ लागली. आप्पांच्या घरासमोर थांबायची, कुणी उतरायचं नाही. त्यांची पत्रं उशिरा येऊ लागली, कडेला नव्याने डिंक लावलेली. चावडीवर आप्पा येऊन बसले की माणसांना घरची कामं आठवू लागली.

"चौकशी आशीच आस्ती," आप्पा मलाच धीर द्यायचे. "आपण खरं लिवलंय, मग भ्यायचं कशाला?"

खरं म्हणजे काय लिहिलंय, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

नकार एका ओळीचा आला. आप्पा दौंडला जाऊन चौकशीच्या साहेबाला भेटले आणि परतताना घरी न जाता शाळेत आले.

"नामदेवाचं इचारलं व्हतं तुमाला?"

"हो."

"काय सांगितलं?"

मी सांगितलं. ते पोरांच्या बाकावर बसले. बाक बुटका, त्यांचे गुडघे छातीला लागत होते.

"मी लिवला व्हता त्याला. नाव, वय, बेपत्ता, समदं. सायेब म्हनला, तुमचा मानूस लपिवतो, म्हंजी भाऊ कुठं हाय ते तुमाला ठावं हाय." मग म्हणाले, "देशाचं लपवायचं आस्तं, गुरुजी. सोताचं न्हाई."

मी दोनदा लेखी कबुली पाठवली. उत्तर आलं नाही. जीप मात्र पुढेही येत राहिली.

आप्पा शिक्रापूरला एका कारखान्याच्या गेटवर वॉचमन म्हणून लागले. वर्षभर मी तिकडे फिरकलो नाही. मग एकदा शिरूरला जाताना मुद्दाम उतरलो. त्यांनी मला ओळखलं, पण रजिस्टर पुढे केलं. नाव, गाव, येण्याचं कारण. कारणाच्या रकान्यात मी 'भेट' असं लिहिलं.

आप्पांनी त्या शब्दावर बोट ठेवलं. "खरं लिवा, गुरुजी."

मागे एक ट्रक हॉर्न देत होता. मी तो शब्द खोडला आणि लिहिलं, 'माफी मागायला.' आप्पांनी ते सावकाश वाचलं, पुढे आपली सही केली आणि ट्रकला फाटक उघडून द्यायला गेले.