तांब्याच्या झाकणावरचे थेंब

आलापल्लीच्या पुढे, जंगलातल्या एका लहान दवाखान्यात माझी पत्नी खाटेवर पडली होती. हगवण आणि उलट्यांनी तिचे डोळे खोल गेले होते. नाडी डॉक्टरांना शोधावी लागत होती. नाल्याला पूर आल्याने एसटी बंद होती. बाहेरून येणाऱ्या सलाईनच्या बाटल्या संपल्या होत्या, म्हणून सलाईन तिथेच बनवणं चाललं होतं.

औषधांच्या खोलीत स्टोव्हवर पाणी उकळत होतं. वाफ वरच्या तांब्याच्या झाकणाला लागून थंड व्हायची आणि शुद्ध पाणी नळीतून बाटलीत पडायचं. सकाळी निम्मी वाफ तशीच बाहेर जात होती, नळीतून पाणी थेंब थेंब येत होतं. दुपारी वाफ निसटणं थांबलं आणि धार लागली. पहिली बाटली मीठ मिसळून, निर्जंतुक होऊन वॉर्डात गेली.

“काऊन बाई, मशीन भलतंच खूश दिसून राह्यलं?” कंपाउंडर म्हणाला.

“तुमच्या तोंडाकडं पाहून नाई, माह्या हातानं,” सफाईचं काम करणारी बाई हसली.

पाणी भरायला कंपाउंडरने झाकण उचललं. आतल्या बाजूला टपोरे, सुटे थेंब होते. ते घरंगळत आणि मागे कोरडं तांबं सोडत.

मी बातमीदार होतो. चंद्रपूरच्या वीजकेंद्रावर लिहिताना एका अभियंत्याने मला समजावलं होतं : स्वच्छ धातूवर वाफेच्या पाण्याचा सलग पापुद्रा होतो आणि तोच पुढच्या वाफेला अडवतो. धातूवर तेलकट पदार्थाचा अगदी पातळ थर असला, तर पाणी थेंब होऊन ओघळतं आणि मोकळ्या जागेवर नवी वाफ झटकन थंड होते. असा थर सगळ्याच वीजकेंद्रांना हवा होता. पण तो टिकत नाही, पाण्याबरोबर धुऊन जातो.

इथे तो धुऊन बाटलीत जात होता.

“झाकणाला काय लावलं?” मी बाईला विचारलं.

“टोरीचं तेल, भाऊ, मोहाच्या बियांचं. मघाशी स्टोव्ह विझला तवा बोटभर फिरवलं. घरी मोहाची दारू काढताना वरच्या थंड पाण्याच्या गुंडीले लावतो, थेंब लवकर सुटते. तुमच्या बाईले लवकर पाणी भेटावं म्हणून.”

मी वॉर्डाकडे धावलो. नर्स सुईसाठी शीर शोधत होती. ती सापडत नव्हती.

“लावू नका. त्यात तेल आहे, रक्तात जाईल.”

डॉक्टरांनी बाटली खिडकीच्या उजेडात धरली. पाणी नितळ होतं.

“नक्की?”

“झाकणाला लावलंय, हे नक्की. यात किती उतरलं, माहीत नाही.”

“दुसरी बाटली व्हायला संध्याकाळ होईल. तोवर काय होईल, मी सांगू शकत नाही.”

मागे बाई येऊन उभी होती. “मीच लावलं जी,” ती म्हणाली. आता ती हसत नव्हती.

डॉक्टरांनी बाटली मोरीत ओतली.

झाकण सोड्याने घासून उकळलं गेलं. धार पुन्हा थेंबांवर आली. मी वारा घालत होतो, बाई साखर-मिठाचं पाणी चमच्याने पत्नीच्या ओठांत सोडत होती. निम्मं उलटून पडे. बाई तोंड पुसून पुन्हा चमचा भरी. मधेच पत्नीने डोळे मिटले आणि हाक मारूनही उघडले नाहीत. डॉक्टर धावत आले, त्यांनी मनगट धरलं आणि बोटं सरकवत नाडी शोधली.

“आहे,” ते म्हणाले. “चमचा थांबवू नका.”

अंधार पडायच्या आत नवी बाटली टांगली गेली. शीर तिसऱ्या ठिकाणी लागली. नळीत सलाईन उतरू लागलं. मला बाटलीकडे बघवेना. मी पत्नीच्या पापण्यांकडे बघत राहिलो, त्या हलेपर्यंत.