टपालबसला मागे सरकवणारा कांडिद

"दरी माझ्या चांगल्या ओळखीची आहे, पण तिनं मला अजून कॉफीला बोलावलेलं नाही," असं कांडिद हेर्गर एकदा म्हणाला होता. त्याच्या बसमधली एक बाई क्लाउसेन घाटाच्या वळणावर डोळे घट्ट मिटून देवाचं नाव घेत होती, तिला उद्देशून. बाई हसली, आणि खालच्या गावापर्यंत मधूनमधून हसतच राहिली.

कांडिदनं सारी हयात पिवळी टपालबस चालवली. फ्ल्यूएलेनच्या तळ्याकाठून निघायचं, शेखेनच्या खोऱ्यातून वर चढायचं, घाट ओलांडायचा आणि संध्याकाळी परत. आंधळं वळण आलं की तीन सुरांचा भोंगा. तो ऐकला की समोरच्या गाडीनं थांबायचं आणि बसवाल्याचा हात सांगेल तसं मागे सरकायचं. मग गाडी डॉक्टरची असो, नाहीतर आमदाराची. घाटातल्या टपालरस्त्यांवर कायदाच तसा आहे. कांडिदचा हात खिडकीबाहेर आला की भलेभले रिव्हर्स घेत. घरी त्याचं मांजरसुद्धा त्याला भीक घालत नसे.

निवृत्तीनंतर दर सप्टेंबरात, वरच्या कुरणांतून गुरं खाली उतरली की, तीन मित्र त्याच्या जुन्या करड्या मोटारीतून निघत. पुढं गेबहार्ड, गावचा जुना पाववाला. मांडीवर खाण्याची पिशवी आणि तोंडात गावभरच्या बातम्या. मागं झीटा. तिनं एकूण एक उन्हाळे डोंगरावर गाई राखण्यात आणि चीज करण्यात घालवले होते. दोन घाट, तीन तळी, आणि वाटेत लागेल त्या खानावळीत पत्त्यांचा डाव. स्टिअरिंग कांडिदकडे. हे कुणी ठरवलं नव्हतं. पाणी उताराकडे जातं, तसंच ते.

या वर्षी मात्र तो एक गोष्ट लपवून निघाला होता. वसंतापासून त्याच्या नजरेची उजवी कड पुसट होत चालली होती. ओल्या कपड्यानं कुणी पाटीचा कोपरा पुसावा तशी. डॉक्टर म्हणाले, गेलं ते परत येणार नाही, थेंब घालून उरलेलं राखू. घाटात मात्र आता गाडी घालू नका. कांडिदनं थेंबांची बाटली खिशात टाकली आणि डॉक्टरांचं बोलणं कुणाला सांगितलं नाही. त्याच्या हिशेबी स्टिअरिंग सुटलेला ड्रायव्हर म्हणजे सामान. आणि सामानाला कोण सहलीला नेतं? पुढच्या सप्टेंबरात हे दोघं आपल्याशिवाय निघतील, हे त्याला डोळे जाण्यापेक्षाही अवघड वाटत होतं.

सकाळ स्वच्छ होती. तळं मागं पडलं, खोरं उघडलं, रस्ता उन्हातून सावलीत आणि सावलीतून उन्हात जाऊ लागला. प्रत्येक सावलीत कांडिदला क्षणभर काहीच दिसेना. तो पाठ असलेली कविता म्हणावी तशी गाडी चालवत होता. इथं खडक, इथं नाला, इथं क्रूस. गेबहार्ड कुणाच्या तरी तिसऱ्या लग्नाची गोष्ट सांगत होता.

घाटमाथ्याच्या थोडं अलीकडे तो भोंगा वाजला. तीन सूर.

पुढं जे घडलं ते कांडिदच्या डोक्यात घडलं नाही, हातात घडलं. वळणातून पिवळं काहीतरी पुढं सरकलं. त्यानं गाडी थांबवली, काच खाली केली, हात बाहेर काढला आणि टपालबसला ठणकावून खूण केली, मागे घे.

बस थांबली. आतले प्रवासी खिडक्यांना नाक लावून बघू लागले. थोड्या वेळानं चालक खाली उतरली. फ्लाविया, कांडिदच्याच हाताखाली शिकलेली. खाली गावात ती त्याला अहो-जाहो करायची. पण घाटावर सगळेच एकमेकांना अरे-तुरे करतात, तो तिथला रिवाज.

"कांडिद, बस माझी आहे," ती म्हणाली. "आज तुझी पाळी."

गेबहार्डला हसू आवरेना. कांडिदही हसला, हसण्यावाचून दुसरं काय करणार होता? मग त्यानं रिव्हर्स टाकला आणि उजव्या आरशात पाहिलं. तिथं दरीच्या कडेचे दगड असायला हवे होते. तिथं नुसतं धुकं होतं, आणि सकाळ तर स्वच्छ होती.

त्यानं क्लच दाबूनच धरला. एवढ्यात मागचं दार उघडल्याचा आवाज आला. झीटा उतरून कडेला जाऊन उभी राहिली होती. कुणी तिला सांगितलं नव्हतं. गाईंना घालायची तीच हाळी तिनं घातली, लांब, ठाय लयीत: ये, ये, ये. मग थांबायला: हो. कांडिद त्या आवाजाच्या धाग्यानं मागे सरकत गेला. धागा थांबला की थांबायचं, हलला की हलायचं. रुंद जागेवर गाडी पोचली, बस बाजूनं निघून गेली, फ्लावियानं हात हलवला. झीटा आत बसली आणि तिनं दार लावलं. गाडी पुन्हा वर चढू लागली.

उर्नरबोडेनच्या खानावळीत गेबहार्डनं मालकिणीला ती गोष्ट सांगितली, मग शेजारच्या टेबलाला, मग पुन्हा मालकिणीला, दर वेळी बस थोडी मोठी करून. बटाटा-मॅकरोनी आली, वर वितळलेलं चीज, बाजूला सफरचंदाचा गर. कांडिदनं काटा उचलला आणि खाली ठेवला.

"मी चेष्टा केली नव्हती," तो म्हणाला. "हात सवयीनं गेला. आणि मला उजवीकडचं दिसत नाही."

गेबहार्डचा घास तोंडातच राहिला. झीटा चीजची तार काट्याभोवती गुंडाळत होती.

"मला ईस्टरपासून ठाऊक आहे," ती म्हणाली. "चर्चमध्ये उजवीकडून येणाऱ्या प्रत्येकाशी तुझी टक्कर होते. पाद्री सोडून. तो डावीकडून येतो."

"आणि तरी माझ्या गाडीत बसलीस?"

"तू सांगशील म्हणून थांबले. चुकलंच माझं. गायसुद्धा आजारी पडली की आधी सांगते. तुम्हा पुरुषांना मेल्यावर सांगायचं असतं."

गेबहार्डला सगळ्यात जास्त राग याचा आला की गावची एवढी मोठी बातमी त्याच्याआधी झीटाला कळली. तो म्हणाला, मला दोन्ही डोळे आहेत पण लायसन कधीच नव्हतं, तेव्हा आता क्ल्योंताल तळ्यापर्यंत चालतच जाऊ, पिशवी कांडिद उचलेल. झीटा म्हणाली, चालायची गरज नाही. डोंगरावरून दुधाची जीप बर्फात कुणी उतरवली असं वाटतं तुला?

आणि पुढच्या वर्षी कुठं जायचं यावर त्यांचं तिथंच वाजलं. गेबहार्डला आणखी एक घाट हवा होता, झीटाला कमी गप्पा. बोलणी तीन जणांच्या सहलीचीच चालली होती. तिसरा कोण, हे कुणी विचारलंही नाही. कांडिद ऐकत राहिला. मग त्यानं ताट संपवलं आणि आणखी मागवलं. वसंतापासून इतकी भूक त्याला लागली नव्हती.

निघताना त्यानं किल्ली झीटाच्या बशीशेजारी सरकवली.

"घेते," ती म्हणाली. "पण मला मध्येमध्ये शिकवलेलं चालत नाही. गिअरबद्दल एक शब्द काढलास, तर खाली लिंथाल गावात उतरवीन आणि तुझ्याच टपालबसनं घरी पाठवीन. कबूल?"

कांडिदनं तोंड उघडलं. दुसरा गिअर जरा अडतो, क्लच शेवटपर्यंत दाबावा लागतो, हे सांगणं तसं जरूर होतं.

त्यानं तोंड मिटलं, खुंटीवरची टोपी घेतली, आणि एक अवाक्षर न काढता बाहेर पडला.