नवरदेव कुठल्या गावचा?

२००६ च्या जानेवारीत गंगापूर रोडवरच्या एका मंगल कार्यालयात जुन्या आणि हातच्या वस्तूंचे प्रदर्शन भरले होते. दारावरच्या फलकावर 'व्हिंटेज बाजार' असे लिहिले होते. पितळी अडकित्ते, तिजोरीची कुलपे, ग्रामोफोनच्या तबकड्या आणि या सगळ्यांच्या मध्ये एका टेबलामागे नवसाबाई विधाते. त्यांच्यासमोर काचेच्या मण्यांची तोरणे. जीन्स घातलेल्या एका तरुणीने त्यातले एक उचलले, उजेडात धरले आणि किंमत विचारली.

नवसाबाईंनी किंमत सांगितली नाही. "नवरदेव कुठल्या गावचा?" त्यांनी विचारले.

"कोणाचा नवरदेव?"

"तुमचा. लग्नासाठीच नेताय ना?"

"नाही हो. हॉलमध्ये भिंतीवर लावायचंय. फ्रेम करून."

"मग न्या," नवसाबाई म्हणाल्या. "भिंतीला सासर नसतं."

हा प्रश्न त्या प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारत. त्याचे उत्तर मिळाल्याशिवाय माल हातातून सुटत नसे. ही सवय त्यांना १९९८ च्या वैशाखात, मखमलाबादच्या एका लग्नानंतर लागली.

नवसाबाईंचे सासर मखमलाबादचे. घरची गुलाबाची आणि झेंडूची शेती. लग्न होऊन आल्यापासून त्या पहाटे फुले घेऊन पंचवटीत जात आणि दुपारपर्यंत हार ओवत. पुढे गुडघे धरले, फुलांच्या पाट्या सुनेने उचलल्या आणि सासूला घरी बसवले. घरी बसणे नवसाबाईंना जमले नाही. दर बुधवारी गोदाकाठी, गाडगे महाराज पुलाजवळ बाजार भरतो. भाजी, धान्य, कपडे यांच्या पलीकडे जुन्या सामानाची एक रांग असते. १९९१ मध्ये त्या रांगेत सहादू नावाच्या विक्रेत्याच्या गोणपाटावर, नळाच्या तोट्या आणि रेडिओच्या बटणांमध्ये, त्यांना मण्यांचा एक गुंता दिसला.

"हे काय रे?"

"तोरण व्हतं. आता कचरा हाय. बोहारणी आणून टाकतात. पितळ असतं तर इकलं असतं, काचेला कोण इचारतं?"

नवसाबाईंनी गुंता घरी नेला. त्यांच्या पिढीतल्या मुली लग्नाआधी असली तोरणे, पडदे, चौरंगावरची आसने स्वतः करत. काचेचे बारीक मणी, काचेच्या नळ्या, सुती दोरा. दोरा वीस-पंचवीस वर्षांत कुजतो, काच कुजत नाही. नव्वदच्या सुमारास घरांवर स्लॅब पडले, दारांना प्लास्टिकची फुले आली आणि माळ्यावरची तोरणे जुन्या कपड्यांबरोबर बोहारणीच्या बोचक्यात गेली. बदल्यात स्टीलचा डबा.

नवसाबाईंची पद्धत ठरलेली होती. मणी रिठ्याच्या पाण्यात धुवायचे, फडक्यावर वाळवायचे, सुती दोऱ्याऐवजी तंगूस, म्हणजे मासे धरायचा नायलॉनचा दोरा, वापरायचा. तोरण जेवढे शाबूत असेल तेवढे जसेच्या तसे ठेवायचे आणि तुटलेला भागच नव्याने ओवायचा. मूळ बाईने कुठे चूक केली असेल तर ती सुधारायची नाही. असे का, हे सुनेने एकदा विचारले. "दुसरीच्या घरी जेवायला गेल्यावर तिची भाकर आपण गोल करून देतो का?" हे त्यांचे उत्तर. जे अगदीच गेलेले असेल ते उसवून मणी रंगांप्रमाणे डब्यांत.

पुढच्या वर्षी त्या सहादूच्या शेजारीच गोणपाट टाकून बसू लागल्या. रांगेतल्या बाकीच्यांना वाटले, म्हातारीला दोन महिन्यांत कंटाळा येईल. पण गिऱ्हाईक आले, आणि ते निराळेच होते. सहादूकडे तोट्या शोधणारे पुरुष येत. नवसाबाईंकडे नवरीच्या आया येत, पदर सावरत, इकडे तिकडे पाहत. लग्नात रुखवत मांडायचे तर त्यात नवरीच्या हातचे काहीतरी हवे. आणि नव्वदच्या दशकातली नवरी टायपिंगच्या क्लासला नाहीतर सातपूरच्या कारखान्यात. तिने मणी ओवायचे कधी?

"मावशे, भंगार माझं आणि कौतुक तुझं," सहादू म्हणे.

"तुझं भंगार तू धुतलं असतंस तर तुझंबी झालं असतं."

या धंद्याला एकच अट होती. घेणारीने बोलायचे नाही आणि देणारीनेही नाही. रुखवतातले तोरण जुन्या बाजारातले आहे हे एकदा मांडवात उघड झाले असते, तर नवरीच्या आईची शोभा झाली असती आणि नवसाबाईंच्या गोणपाटाकडे पुन्हा कोणी फिरकले नसते. फुलांचे काम गेल्यानंतर त्यांच्या हाताशी दुसरे काही नव्हते, आणि सून प्रेमाने का होईना, पण पुन्हा घरी बसवायला टपलेलीच होती.

त्या वैशाखात त्यांच्याच गल्लीतल्या मंगलाबाईंच्या मुलीचे, शुभांगीचे लग्न होते. मुलगा ओझरचा, शेखर, विमानाच्या कारखान्यात कामाला. मंगलाबाई अंधार पडल्यावर आल्या आणि दोन मोरांचे तोरण घेऊन गेल्या. त्या तोरणात समोरासमोर मोर होते. एकाची मान निळी, दुसऱ्याची हिरवी. करणारीचे निळे मणी संपले असणार. नवसाबाईंनी ते आपल्या पद्धतीप्रमाणे तसेच ठेवले होते. एका मोराचा पिसारा मात्र पूर्ण गळालेला होता, तो त्यांनी अंदाजाने ओवला होता.

लग्नाला त्या अर्थातच होत्या. अक्षता पडल्या, जेवणाच्या पंगती बसू लागल्या आणि वराकडच्या बायका रुखवताभोवती जमल्या. शेवेचे लाडू, साखरेची तुळस, क्रोशाचे रुमाल आणि वर टांगलेले तोरण. त्या बायकांत शेखरची मोठी काकू धोंडाबाई होती. ती तोरणासमोर थांबली. तिने ते हातात घेतले, उलटे केले आणि मागच्या गाठी पाहू लागली. रुखवताच्या मागच्या गाठी कोणी पाहत नाही. ज्याने गाठ मारली आहे तोच पाहतो. दोन हात अंतरावर उभ्या असलेल्या नवसाबाईंना तेवढ्यावरून सगळे कळले.

"नवरीनं केलंय का?" धोंडाबाईने विचारले.

"तर काय! रात्र रात्र बसली होती पोरगी," मंगलाबाई म्हणाल्या.

एवढ्यात धोंडाबाईची सासू, सखुबाई, काठी टेकत आली. ऐंशीच्या घरातली बाई, पण नजर शाबूत. "धोंडे, हे तर तुझ्या तोरणावाणीच दिसतंय गं."

"माझं फुटलं ना, आत्याबाई. मागंच सांगितलं तुम्हाला."

"हां. फुटलं व्हतं." सखुबाईने मान वाकडी करून मोर पाहिले. "पण एक मान हिरवीच हाय."

"त्या वेळी समद्याच पोरी तसं करायच्या," धोंडाबाई म्हणाली. "चला, पंगत बसली."

त्या तिघींत एकच बाई खरे बोलत होती, आणि ती सखुबाई. धोंडाबाईचे तोरण फुटले नव्हते. घराला रंग देताना तिने ते एका मण्यांच्या पडद्यासह बोहारणीला घातले होते आणि सासूला फुटल्याचे सांगितले होते. आता तोरण ओळखावे तर आपलेच बिंग फुटणार, म्हणून ती गप्प राहिली. पण हे नवसाबाईंना तेव्हा कुठे ठाऊक? त्यांना एवढेच दिसले की ओझरच्या बाईने आपला माल ओळखला आणि ती मांडवात बोलली नाही. म्हणजे नंतर बोलणार.

नंतरच्या बुधवारी त्या बाजारात बसल्या त्या रस्त्याकडे तोंड करून. एरवी त्या नदीकडे तोंड करून बसत. दुपारी धोंडाबाई पुलाकडून येताना दिसली. सोबत हिरवा चुडा भरलेली शुभांगी.

"सहादू, ती बघ आली," नवसाबाई म्हणाल्या. "भांडाय लागली तर मधी पडू नको."

"मी कशाला पडतो? मी नाव सांगन तुझं."

धोंडाबाई गोणपाटासमोर उकिडवी बसली. भांडली नाही. तिने एक तोरण उचलले, दुसरे उचलले, ठेवले. मग म्हणाली, "पिसारा कुणी बांधला?"

नवसाबाईंना खोटे बोलायला वेळ मिळाला नाही. "म्या."

"उलटा बांधलाय. मोराची पिसं खालून वर जातात. तुझी वरून खाली आल्यात. मोर हाय का कोंबडी?"

सहादू हसला. नवसाबाईंनी त्याच्याकडे पाहिले, तसा तो तोट्या पुसू लागला.

"आणि माझा पडदा कुठंय? हत्तीचा?"

पडदा नव्हता. तो फार तुटलेला होता, नवसाबाईंनी कधीच उसवला होता. हत्तीचे राखाडी मणी डब्यात गेले आणि डब्यातून दुसऱ्या तोरणांत, कुणाच्या खांबांत, कुणाच्या उंदरांत. त्यांनी तसे सांगून टाकले.

धोंडाबाईने डब्यात बोटे घातली. "म्हंजे माझा हत्ती नाशिकभर हिंडतोय."

"सासरोसासरी," सहादू म्हणाला.

यावर धोंडाबाई हसली, आणि नवसाबाईंनी त्या आठवड्यात पहिल्यांदा पाठ मोकळी केली.

मग खरे काम निघाले. बाजाराला येण्याचे कारण तोरण नव्हते, शुभांगी होती. लग्नानंतर सखुबाईने नव्या नातसुनेला समोर बसवून सांगितले होते, की तुला एवढी कला येते तर आपल्या दाराला एक तोरण कर, मी बघत बसते. शुभांगीला सुईत दोरा ओवता येत होता, त्यापुढे काही नाही. तोरण कुणाकडून आणले हे तिने शेवटी धोंडाबाईजवळ कबूल केले होते.

"आजी रोज विचारतात, कधी बसतेस," शुभांगी म्हणाली. ती रडकुंडीला आली होती. "मोठ्या आई, मी सांगूनच टाकते ना, विकत आणलं म्हणून."

"कुठून आणलं सांगशील? जुन्या बाजारातून? जुन्या बाजारात कसं आलं, तेबी सांगशील?" धोंडाबाई म्हणाली. "गप बस आणि शीक."

म्हणजे तिघी एकाच दोऱ्यात होत्या. एकीने तोंड उघडले असते तर उरलेल्या दोघी सांडल्या असत्या. नवसाबाईंनी पोते पसरले, डबे मांडले आणि शुभांगीला मध्ये बसवले. ओवायचे कसे, ओढायचे किती हे नवसाबाईंनी शिकवले. हार ओवून ओवून त्यांचा हात बसलेला होता. नक्षी कशी मोजायची हे धोंडाबाईने शिकवले. नवसाबाई नक्षी नजरेने करत, मोजून करणे त्यांना माहीत नव्हते, म्हणून त्यांचा पिसारा उलटा झाला होता. त्या दिवशी त्याही शिकल्या. तो ज्येष्ठाचा सबंध महिना शुभांगी दर बुधवारी माहेरच्या निमित्ताने यायची आणि घरी जाऊन सखुबाईसमोर, दाराच्या उजेडात, मान वर न करता ओवत बसायची. पहिल्या तोरणाला एक बाजू आखूड झाली. तेच दाराला लागले.

ते लावले त्या दिवशी सखुबाईने खाली खुर्ची टाकून घेतली. बराच वेळ पाहिले. मग धोंडाबाईला हाक मारली.

"धोंडे, फुटलेलं तोरण सुनेच्या रुखवतात आलं. त्याच्यावाणी दुसरं दाराला लागलं. आता माझी पितळेची घागर कधी येती म्हणायची?"

घागरही त्याच बोहारणीने नेली होती. धोंडाबाईने पदर तोंडाला लावला. ही हकीगत तिनेच पुढच्या बुधवारी सांगितली, आणि सहादूला घागर शोधायच्या कामाला लावले. ती मिळाली नाही. सखुबाईने त्यानंतर तो विषय कधी काढला नाही, पण घरात स्टीलचा नवा डबा दिसला की "हा कशाच्या बदल्यात?" एवढे विचारायची ती सोडत नसे.

धोंडाबाई त्या वर्षापासून बुधवारी नवसाबाईंच्या शेजारी बसू लागली. ओझरहून सकाळच्या एसटीने यायची, संध्याकाळी परतायची. पावसाळ्यात गोदावरीचे पाणी चढले की दोघी डबे उचलून वरच्या रस्त्याला जात. बसण्याआधी तिने दोन अटी घातल्या होत्या. एक, कुठल्या गावचा माल आहे ते बोहारणीला विचारून ठेवायचे आणि त्या गावच्या नवरदेवाकडे तो जाऊ द्यायचा नाही. दुसरी अट नवसाबाईंना आधी पटली नाही. तोरणाची शेवटची ओळ रिकामी ठेवायची, आणि ती नवरीने स्वतः येऊन, इथे बसून ओवायची.

"पोरी येतील का या भंगारात?" नवसाबाई म्हणाल्या होत्या.

"नाय आल्या तर घेऊ नको म्हणावं. पोरीनं मांडवात 'मी केलं' म्हणताना निदान एक ओळ तरी तिची पाहिजे. शुभांगीचं तोंड बघितलं नव्हतंस का तू?"

पोरी आल्या. गिऱ्हाईक कमी झाले नाही. उलट आया निर्धास्त झाल्या, कारण आता लपवण्यासारखे अर्धेच राहिले. लग्नसराईच्या बुधवारी कुलपे आणि तोट्यांच्या त्या रांगेत पोत्यावर दोन-तीन मुली मान खाली घालून मणी ओवताना दिसत. सहादूने त्यांच्यासाठी सावलीला एक जुनी छत्री बांधून दिली. ती विकायची नाही, असे तो गिऱ्हाइकांना बजावत असे.

गंगापूर रोडच्या प्रदर्शनवाल्यांनी पुढच्या वर्षी, २००७ मध्ये, पुन्हा बोलावले, तेव्हा प्रदर्शन बुधवारी होते. नवसाबाई गेल्या नाहीत. त्या बुधवारी गोदाकाठी एक आई आपल्या मुलीला घेऊन आली होती. मुलीने कमळांचे एक तोरण निवडले.

"नवरदेव कुठल्या गावचा?" नवसाबाईंनी विचारले.

"ओझरचा."

नवसाबाईंनी तोरण धोंडाबाईकडे सरकवले. धोंडाबाईने ते उलटे केले, गाठी पाहिल्या आणि मागे ठेवून दिले. "हे नको. ही गाठ आमच्या गल्लीतली हाय." तिने राघूंचे दुसरे काढले, त्याची शेवटची ओळ मोकळी होती. मग सरकून पोत्यावर जागा केली. "बस गं. सुई उजव्या हातात धर."